चाकांवर कडप्पा

निवृत्त झालेल्या मास्तरला आमच्याकडं एक शाल, एक नारळ आणि भरपूर सल्ले मिळतात. शाल ट्रंकेत जाते, नारळ त्याच दिवशी फुटतो, सल्ले मात्र उरलेल्या आयुष्याला पुरतात. कोणी म्हणालं, सर, पिठाची गिरणी टाका. कोणी म्हणालं, शिकवण्या घ्या. एकानं तर, म्हशी पाळल्या की माणूस तरुण राहतो, असं मला पटवून दिलं. तो स्वतः माझ्यापेक्षा लहान असून माझा काका वाटायचा. पण "सर, एक जुनं, गंजलेलं, चाकांवरचं घर विकत घ्या," असं कोणीच म्हणालं नाही. इतका मौलिक सल्ला माझा मलाच द्यावा लागला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मी कोणाचा तरी सल्ला तंतोतंत पाळला.

त्याचं असं झालं. बायकोचं माहेर उमरग्याचं. तिच्या भाचीचं लग्न हायवेलगतच्या मंगल कार्यालयात होतं. जेवणावळी आटोपल्या, पाहुणे सतरंजीवर जागा सापडेल तिथं आडवे झाले आणि मी पाय मोकळे करायला बाहेर पडलो. उमरग्यात पाय मोकळे करायचे म्हणजे ट्रकांच्या मधून जीव मुठीत धरून चालायचं. कार्यालयाच्या मागं जुन्या गाड्यांच्या भंगाराचं आवार होतं. तिथं बिनटायरच्या ट्रकांच्या रांगेत एक बुटकी, फुगीर गालांची बस उभी होती. खिडक्यांना पडदे होते. पडद्यांवर एके काळी गुलाब असावेत. आत डोकावलो तर भिंतीला घडी घालून लावायचा पलंग, एवढंसं वॉशबेसिन, लाकडी कपाट आणि शेगडी ठेवायची जागा. शेगडीच्या जागी एक कोंबडी अंड्यांवर बसली होती. भाडं थकलेल्या भाडेकरूनं घरमालकाकडं बघावं तसं तिनं माझ्याकडं बघितलं. माझं मन तिथंच बसलं.

भंगारवाल्यानं गाडीची कुळकथा सांगितली. हैदराबादच्या कोण्या हौशी डॉक्टरनं फिरायला म्हणून ती बांधून घेतली होती. डॉक्टर गेले, पोरं परदेशी गेली, मग एका रस्त्याच्या ठेकेदारानं तिच्यात ऑफिस थाटलं आणि रस्ता संपल्यावर तिला इथं सोडून दिलं. "सर, असा पीस पुन्हा गावायचा न्हाय. विंटेज हाय विंटेज!" भंगार म्हणूनसुद्धा जे खपत नाही त्याला विंटेज म्हणतात, हे ज्ञान मला तोवर नव्हतं. आयुष्यभर शिकवत राहिलं की शिकायचं राहून जातं.

बायकोला बोलावून आणलं. तिनं गाडी बघितली, कोंबडी बघितली, मला बघितलं.

"आवो, लग्नाला येताना आहेर आणायचा असतो," ती म्हणाली. "जाताना घेऊन जायचा नसतो."

कागदपत्रांचं पुराण इथं सांगत नाही; ते ऐकून कोणाला पुण्य लागत नाही. इंजिनाला धुगधुगी आणून आणि कोंबडीचं पुनर्वसन करून गाडी निघाली तेव्हा लग्नातली नवरी सासरी रुळली होती. भाड्यानं ठरवलेला एक ट्रक ड्रायव्हर स्टिअरिंगवर, शेजारी मी आणि मागं घडीच्या पलंगावर बायको, असे आम्ही नळदुर्ग, तुळजापूर, येडशी करत आमच्या गावाला, वाशीला निघालो. चढ आला की गाडी दम्याच्या पेशंटसारखी थांबून श्वास घ्यायची. तुळजापुरात रस्त्याकडेच्या लोकांनी हात जोडले. ते देवीला जोडले असं मी म्हणतो. बायकोचं मत वेगळं आहे.

वाशीत गाडी दारात लागली तसं गाव गोळा झालं. कोणाला ती ॲम्ब्युलन्स वाटली, कोणाला रक्तदानाची गाडी. एकानं वडापाव कधीपासून सुरू करणार म्हणून विचारलं, आणि वडापाव नाही म्हटल्यावर मग सगळा खटाटोप कशासाठी, हे त्याला कळेना. मी सांगितलं, हे घर आहे, ह्यात राहून फिरायचं असतं. त्यावर शेजारचे आजोबा आमच्या स्लॅबच्या घराकडं बघत म्हणाले, "मग ह्ये काय गळतंय का?"

गर्दी पांगल्यावर माझी माय पायऱ्या उतरून आली. कमरेवर हात ठेवून तिनं गाडीभोवती एक फेरी मारली. वाकवत नव्हतं तरी वाकून चाकांकडं बघितलं.

"कुणाचं बिऱ्हाड व्हतं ह्यात?"

"हैदराबादच्या एका डॉक्टरचं."

"मग त्यानं का सोडलं?"

ती पुन्हा पायऱ्या चढून आत गेली. प्रत्येक पायरीवर थांबून, भिंतीला धरून. मी गाडी का घेतली ते त्या पायऱ्यांवर रोज दिसायचं, पण ते नीट सांगायला थोडं मागं जावं लागेल.

आम्ही मेंढरंवाले. घर गावात नावापुरतं. दिवाळी झाली की चारा संपायचा आणि आमचा वाडा निघायचा. वाडा म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांपुढं लाकडी खांब आणि झोपाळा येतो. आमचा वाडा म्हणजे मेंढरं, कुत्री, एक घोडं, घोड्यावर बांधलेलं सगळं बिऱ्हाड आणि मागून चालणारी माणसं. डोंगर उतरायचा, ईट गावावरून भूमच्या अंगानं परांड्याकडं, तिथून सीना नदीच्या काठी. वाटेत शेतकरी आपल्या वावरात मेंढरं बसवून घ्यायचे. रात्रभर मेंढरं बसली की वावराला खत मिळायचं आणि आम्हाला धान्य. पावसाच्या सुमाराला परत. मी त्या वाटेवरच जन्मलो. कुठल्या गावाच्या शिवारात, ह्यावर माय आणि बाप शेवटपर्यंत भांडले.

त्या वाटेसारखं सुख मी नंतर भोगलं नाही. घोड्याच्या पाठीवर भांड्यांच्या आणि वाकळांच्या मधोमध मी बसायचो. मांडीवर एखादं दोन दिवसांचं कोकरू, मागं टोपलीत कोंबड्या. रोज नवा ओढा, नवी बाभळ, नवं गाव. मग मला ईटला एका नातलगाकडं शाळेत ठेवलं आणि ते सगळं संपलं. शिकलो, मास्तर झालो, तोही भूगोलाचा. सगळ्या भारतातल्या नद्या पोरांकडून पाठ करून घेतल्या. स्वतः सीनेच्या पलीकडं गेलो ते एकदा इलेक्शन ड्युटीला. बाप गेल्यावर मायनं बरीच वर्षं एकटीनं मेंढरं राखली. मला नोकरी लागली तशी तिनं ती विकली आणि आम्ही वाशीत स्लॅबचं घर बांधलं.

आता तिचे गुडघे गेले होते. डॉक्टरनं फोटो उजेडाला धरून बघितला आणि मान हलवली. पुढच्या साली ती दाराबाहेर पडू शकेल का, हे तो सांगेना. मला एकच गोष्ट करायची होती. ज्या वाटेनं ती जन्मभर चालली त्या वाटेनं तिला एकदा बसवून न्यायचं होतं. खिडकीशी बसून, चहा पीत, सीनाकाठापर्यंत. उरलेला भारत नंतर बघितला असता. माझ्या सगळ्या मूर्खपणाच्या मुळाशी एवढीच इच्छा होती, आणि मूर्खपणाला असं चांगलं मूळ असलं की तो जोमानं वाढतो.

मी मायला बेत सांगितला. तिनं ऐकून घेतलं.

"त्याला उंबरा कुठं हाय?" ती म्हणाली. "बिनउंबऱ्याचं कसलं घर?"

मी म्हटलं, एवढंच ना? गाडीचं काम घेतलेला मिस्त्री वाशीतलाच. जन्मभर त्यानं ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि घरांची गेटं केली होती. त्याच्या हाताखालून जे जाईल त्याला शेवटी ट्रॉलीचं वळण यायचं. त्याला म्हटलं, दारात उंबरा बसव. त्यानं सागवानी उंबरा आणला, तो बसायला म्हणून खाली अँगल मारला, अँगल हलू नये म्हणून त्याला आडवा अँगल मारला. उंबरा झाला. बायकोनं त्यावर हळदीकुंकवाची बोटं ओढली. मी मायला हात धरून दाखवायला आणलं.

"खाली पत्रा हाय," ती म्हणाली. "पत्र्यावर मानूस निजतंय का?"

मग शहाबादी फरशी आली. गवंड्यानं गाडीत फरशी बसवायचं काम पहिल्यांदाच घेतलं होतं, पण त्यानं चेहऱ्यावर तसं काही दिसू दिलं नाही. लेव्हलची नळी धरून त्यानं गाडी जमिनीशी समपातळीत आहे का ते तपासलं. पुढचं एक चाक खड्ड्यात होतं, तेव्हा फरशीला पुढच्या बाजूला जादा माल घालून उतार काढला. म्हणजे गाडी जन्मभर त्याच खड्ड्यात उभी राहणार होती अशी त्याची खात्री होती. मला त्या वेळी ते फार कौशल्याचं वाटलं.

फरशीनंतर माय म्हणाली, "सैपाकाला वटा न्हाय." मग कडप्प्याचा ओटा आला. घर म्हटलं की कडप्प्याचा ओटा, ह्यात आमच्या जिल्ह्यात दुमत नाही. मुलीचं स्थळ बघायला गेलं तरी बायका आधी ओटा बघून येतात. काळाभोर, चकचकीत, खाली विटांचे दोन खांब. बायकोनं तोवर गाडीकडं पाठ फिरवलेली होती, पण ओटा बघून ती विरघळली. मग तिच्याही मागण्या सुरू झाल्या. लोखंडी पलंग, कारण घडीच्या पलंगावर तिला माहेरचं लग्न आठवायचं. भिंतीत भांड्यांची मांडणी. दाराला आरशाचं लोखंडी कपाट. मायनं पाटा-वरवंटा मागितला, मी दगडी पाटा आणला. न्हाणी मागितली, कोपऱ्यात दगडाची न्हाणी झाली. देव्हारा मागितला, संगमरवरी मिळाला.

"वजन फार होत नाही ना?" मी एकदा मिस्त्रीला विचारलं.

"काय व्हत न्हाय सर. आपली ट्रॉली कारखान्याला ऊस वढती, ही फरशी काय चीज हाय?" असं म्हणून त्यानं जास्तीची खबरदारी म्हणून खालून आणखी दोन अँगल मारले.

घराची शांत केल्याशिवाय माय पाऊल टाकणार नव्हती. भटजींनी गाडी बघून डोळे मिटले, बोटं मोजली आणि दार पूर्वेलाच हवं असं सांगितलं. भूगोलाचा मास्तर असल्यामुळं माझ्या लगेच ध्यानात आलं. गाडीचं दार डाव्या अंगाला. ते पूर्वेला हवं तर गाडीचं नाक दक्षिणेला पाहिजे. म्हणजे शास्त्राप्रमाणे आम्हाला सोलापूर, विजापूर करत थेट कन्याकुमारीपर्यंत जायला मुभा होती. परत कसं यायचं, ते शास्त्रात नव्हतं. भटजी म्हणाले, "मुक्कामाला दार पूर्वेला करा म्हणजे झालं, चालताना देव सांभाळून घेतो." देवाचं हे औदार्य मला आवडलं.

वास्तुशांतीला सगळी भावकी आली. टॉवेल-टोपीचे आहेर झाले. लोक चपला बाहेर काढून रांगेनं गाडीत शिरायचे, ओट्यावर हात फिरवायचे, न्हाणीत वाकून बघायचे आणि "जागा जरा कमी हाय, पण चांगलं केलंय" असं म्हणून उतरायचे. एका मावशीनं मागं अजून एक खोली काढता येईल का, असं मला बाजूला घेऊन विचारलं. ही वस्तू चालते, हे सगळ्यांच्याच डोक्यातून गेलं होतं. माझ्याही.

त्या दिवशी मी मायला विचारलं, "आता काय कमी राहिलंय?"

तिनं इकडंतिकडं बघितलं. बराच वेळ बघितलं.

"काय न्हाय," ती म्हणाली.

मला आनंद झाला. तिच्या आवाजात आनंद आहे की नाही, हे बघायचं मला सुचलं नाही.

निघायच्या दिवशी बायकोनं दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि कांदे बांधून घेतले, म्हणजे कडप्प्याच्या ओट्यावर काही करायची वेळच येऊ नये. माय उजवा पाय आधी टाकून उंबरा ओलांडून आत आली. पलंगावर बसली नाही, खाली फरशीवर बसली आणि खिडकीचा गज दोन्ही हातांनी धरला. मी म्हटलं, "माय, गज कशाला धरलास? काही होत नाही." शेजारचे आजोबा नारळ घेऊन उभे होते. त्यांनी तो चाकापुढं फोडला. गाडीचं काम चालू असताना मी ड्रायव्हिंग शिकून घेतलं होतं; मीच गाडी सुरू केली. तिनं एक दीर्घ उसासा टाकला, मागं थोडी बसली आणि निघाली.

एसटी स्टँडसमोर एक गतिरोधक आहे. तिथं ट्रॅक्टर उड्या मारतात, मोटरसायकली वळसा घालतात. मी अगदी सावकाश पुढची चाकं त्यावर चढवली. उतरवली. मागची चाकं चढली, आणि गाडीच्या पोटातून असा आवाज आला की स्टँडवरची माणसं उठून उभी राहिली. मागच्या बाजूचं वजन पेलणारे कमानपाटे तुटले होते. गाडी मागल्या पायांवर बसली. उंबऱ्यापासून मागच्या भिंतीपर्यंत सगळ्या फरशीला उतार पडला, आणि गवंड्यानं खड्ड्यासाठी काढून ठेवलेला उतारही त्याच दिशेला निघाला.

"थांबलं का?" आतून मायनं विचारलं.

"थांबलं," मी म्हणालो.

"बरं झालं," ती म्हणाली, आणि तिनं गज सोडला.

पुढचा प्रसंग स्टँडवरच्या लोकांना जितका आवडला तितका मला आवडला नाही. मिस्त्री आला, खाली आडवा झाला, बाहेर आला आणि कपाळाला हात लावून म्हणाला, "सर, म्या म्हनलंच व्हतं, वजन लई झालंय." काही माणसांशी वाद घालायला आधी स्वतःची स्मरणशक्ती गहाण टाकावी लागते. ट्रॅक्टर बोलावून गाडी ओढत गावाबाहेरच्या आमच्या मोकळ्या प्लॉटवर नेली. माय खाली उतरली नाही. ट्रॅक्टरमागून घर चाललंय आणि खिडकीत माझी माय पदर सावरून बसली आहे, हे दृश्य बघायला शाळेतली माझीच पोरं रस्त्याच्या कडेला उभी होती.

एवढ्या जुन्या गाडीचे कमानपाटे तयार मिळत नाहीत. सोलापुरात एकाला बनवायला टाकले. तोवर गाडी प्लॉटवर उभी. मिस्त्रीनं तात्पुरते मागं लाकडी ठोकळे लावून तिला समपातळीत आणलं. दार पूर्वेला आलं, योगायोगानं.

मग एक अजब गोष्ट घडायला लागली. माय रोज सकाळी म्हणायची, "मला तिकडं सोड." मी मोटरसायकलवरून सोडायचो. ती दिवसभर तिथं राहायची. आधी म्हणाली राखायला कोणी तरी पाहिजे. मग ओट्यावर चहा करायला लागली. मग दारापुढं सडा आणि रांगोळी. मग एक तुळस लावली. आजूबाजूच्या रानातून जाणाऱ्या बायका तिच्याकडं बसायला यायच्या, आणि ती त्यांना न्हाणी दाखवायची. पाट्यावर चटणी वाटून द्यायची. पुढं ती रात्रीही तिथंच निजायला लागली, आणि बायकोही सोबतीला जायला लागली. स्लॅबच्या घरात मी आणि सल्ले उरलो.

मी मनात खूश. म्हटलं, हळूहळू हिला गाडीची गोडी लागली. आता सीनाकाठ लांब नाही. मी नकाशा काढून वाट आखायला लागलो. हुशार माणसाला समोरचं दिसत नाही ते त्याच्या हातात नकाशा असतो म्हणून.

कमानपाटे तयार झाल्याचा निरोप आला. मिस्त्री म्हणाला, "नवे पाटे बशिवतो, पर फरशी, वटा, न्हाणी समदं काढावं लागंल. न्हायतर पुन्हा तेच." मी ठीक म्हटलं. त्या संध्याकाळी प्लॉटवर गेलो. बायको ओट्याशी पिठलं करत होती. माय उंबऱ्यात बसून लसूण सोलत होती. मी तिच्याशेजारी बसलो आणि सगळं सांगितलं. उद्या फरशी निघणार, ओटा निघणार, गाडी हलकी होणार, आणि परवा आपण त्या वाटेनं जाणार. ओढा, बाभळी, मेंढरं बसायची ती वावरं. मी बोलत राहिलो. मला वाटतं मी फार छान बोललो.

मायनं लसणाची पाकळी खाली ठेवली.

"तुला लई ग्वाड वाटतात न्हवं त्ये दिस?"

"वाटतात की. घोड्यावर बसून, कोकरू मांडीवर घेऊन..."

"तू घोड्यावर बसायचास," ती म्हणाली. "घोड्यावर बिऱ्हाड बी असायचं. तू चढलास की घोड्याला वझं व्हायचं. मग तुझा बाप निम्मी भांडी खाली काढायचा. ती कुठं जायची?"

मी आठवून बघितलं. मला कोकरूच आठवत होतं.

"माझ्या डोक्यावर," ती म्हणाली. तक्रार नव्हती आवाजात. गावाचं नाव सांगावं तसं सांगितलं. "रोज सांजच्याला चूल मांडायची. सकाळी ती गार व्हायच्या आत मोडायची. ज्याच्या वावरात मेंढरं, त्यो ऊठ म्हनला की उठायचं. म्या सारवलेली एक बी जागा मला पुन्हा बघाय मिळाली न्हाय."

"मग आधी का नाही बोललीस? उंबरा पाहिजे, फरशी पाहिजे म्हणत बसलीस."

"म्या न्हायच म्हनत व्हते, लेकरा. म्हनलं, एवढं समदं मागितल्यावर ह्यो थकंल. तू थकलाच न्हायस." ती हसली, आणि मग हसू आवरून तिनं फरशीवर तळहात ठेवला. "पर मग त्ये समदं आलं की रं. म्या वटा म्हनलं, वटा आला. न्हाणी म्हनलं, न्हाणी आली. माझ्या जल्मात असं कदी झालं न्हाय. त्ये स्लॅबचं घर तुझं हाय, तुझ्या पगारानं झालंय. ह्ये माझ्या त्वांडच्या शब्दानं झालंय. ह्येला हलवू नगंस."

बायकोनं शेगडी बंद केली. ती फक्त म्हणाली, "आवो, मिस्त्रीला सांगा."

मला वाईट वाटलं, आणि ते मी लपवत नाही. ती जुनी वाट पुन्हा बघायची राहिली म्हणून तर वाईट वाटलंच, पण त्याहून जास्त ह्याचं, की ज्या वाटेला मी जन्मभर सुख म्हणत आलो तिचं ओझं कोणाच्या डोक्यावर होतं हे मला कधी विचारावंसंच वाटलं नव्हतं. त्या रात्री मी घरी येऊन नकाशाची घडी घातली. तरी सीनाकाठची ओढ गेली नाही, अजूनही नाही. तिकडं एसटी जाते, असं बायकोनं मला नंतर कळवलं.

सकाळी मिस्त्री नवे कोरे कमानपाटे घेऊन प्लॉटवर आला. मी म्हटलं, "पाटे राहू दे. चाकं काढ."

"काय?"

"चारही चाकं काढ. खाली चिऱ्याचे ठोकळे बांधून घे, पक्के, सिमेंटात."

"सर, तब्येत बरी हाय न्हवं?" त्यानं विचारलं, आणि माझ्या बायकोकडं बघितलं. बायकोनं मान डोलावली. ती माझ्या तब्येतीबद्दल होती की चाकांबद्दल, कळलं नाही, पण मिस्त्रीनं जॅक काढला.

ठोकळे वाळायला वेळ दिला. मग चाकं निघाली. ती एकेक करून मी स्वतः गडगडत नेली आणि प्लॉटच्या कोपऱ्यात, बोअरच्या मागं, एकावर एक रचली. वर ताडपत्री टाकली. माय दारापुढं खुर्चीवर बसून सगळं बघत होती. शेवटचं चाक नेलं तेव्हा ती उठली, गुडघ्यांवर हात ठेवत, आणि गाडीच्या मागल्या बाजूला आली. पदर खोचला. दोन्ही तळहात पत्र्याला लावले आणि पाय रोवून सगळ्या अंगाचा जोर लावून ढकललं.

"हलत न्हाय," ती म्हणाली. धापा टाकत होती. "तू बी ढकल."

मी तिच्या शेजारी उभा राहिलो आणि ढकललं. "जोर लाव," ती म्हणाली. मी होता नव्हता तेवढा जोर लावला. आत मांडणीवरचं भांडंसुद्धा वाजलं नाही. तेव्हा माय हसली, तोंडाला पदर न लावता, मोठ्यानं. त्या वाटेवरच्या माझ्या इतक्या आठवणी आहेत. त्यातल्या एकाही आठवणीत ती अशी हसलेली नाही.